निळ्या बैलाचा धनी

नुकुअलोफाच्या बंदरामागे आमच्या गल्लीत विलिसोनी राहतो. ‘एकमेव अधिकृत’ ही त्याची पदवी. निळ्या बैलाच्या छापाचं डबाबंद गोमांस न्यूझीलंडहून आमच्या टोंगा बेटांवर आणायची एजन्सी त्याच्याकडे. याखेरीज आयुष्यात त्याने काही केल्याचं कुणाला आठवत नाही. बैलसुद्धा त्याने पाहिला तो डब्यावरच.

त्याच कारखान्यातले तेच डबे आमची शेजारीण लूपे ऑकलंडच्या घाऊक बाजारातून आणून स्वस्तात विकू लागली. विलिसोनीने कस्टममध्ये तक्रार ठोकली, माल नकली आहे म्हणून. खोकी बंदरावरच्या गोदामात अडकली. नवरा गेल्यावर तिचं घर चालायचं ते या दुकानावर. खोकी सुटली नाहीत तर दुकानाला कायमचं कुलूप.

चर्चच्या पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं. “अहो, छाप कंपनीनेच मारलाय, विकलंय कंपनीनेच. आता कुणाला विचारायचं राहिलंय?”

“मला,” विलिसोनी म्हणाला. “माझ्या संमतीशिवाय या बेटावर निळा बैल हंबरत नाही!”

आणि मग त्याचे वडील वारले.

आमच्याकडे मयताला आलेल्यांना गोमांसाचे डबे दिल्याशिवाय वाटेला लावत नाहीत. विलिसोनीचं गोदाम रिकामं. भाव चढा राहावा म्हणून हा मालच थोडा मागवायचा, आणि जहाज अजून वाटेत. मयतघरी शब्द चालतो तो गेलेल्याच्या बहिणीचा; तिथे पाद्रीसुद्धा गप्प बसतो. ही बहीण म्हणजे विलिसोनीची आत्या, नाव मेलेआने. तिने भाच्याला समोर बसवलं.

“माझ्या भावाच्या मयतावरून लोक काय नुसती कोनफळं चघळत जाणार?”

“आत्या, जहाज...”

“बंदरावर पडलाय ना बैल? आण जा.”

“तो नकली आहे, आत्या.”

“मेल्या, तुझा बाप वर्षभर लूपेकडचाच खात होता. मीच नेऊन द्यायचे. तुझा भाव त्याला परवडत नव्हता.”

आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला सुतकाची फाटकी चटई गुंडाळून ‘एकमेव अधिकृत’ विलिसोनी बंदरावर गेला. निम्मी गल्ली मागोमाग, मीही.

“नकली माल सोडता येत नाही, साहेब,” कस्टमचा अधिकारी म्हणाला.

“नकली नाहीये,” विलिसोनी पुटपुटला.

“जरा मोठ्याने.”

“अस्सल आहे! कंपनीचाच आहे! तक्रार मागे घेतो, झालं?”

लूपेने मयतापुरती खोकी दिली, नेहमीच्याच भावाने. मी असते तर दुप्पट लावला असता. उरलेली दुकानात गेली.

हल्ली कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायच्या बैठकीत विलिसोनी सांगत असतो, “मी संमती दिली म्हणून त्या बाईचा धंदा चाललाय.” कुणी वाद घालत नाही. कावा भरलेली करवंटी पुढे सरकते.

त्याची बायको डबे लूपेकडूनच नेते. पिशवीत वरून कोनफळं ठेवते.