मोगऱ्यामागची भिंत

साळवे सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वाटूरच्या माझ्या दुकानात जळालेल्या मोटरची तार उकलत होतो. सकाळी अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ते पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, लोकांनी मान डोलावली. भिंतीचं ऐकून मला मात्र त्यांचं मीटर आठवलं...

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट, हे त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात बसवलं. मोटर बांधताना हिशेब अडला की मीही त्यांच्याकडेच जायचो. नव्वदच्या दशकात सरांची बायको, आमच्या वहिनी, वारल्या. त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी सर दुकानात आले. "उस्ताद, घरातलं समदं बंद केलं, तरी मीटरची चकती फिरूनच राह्यली. चला बरं जरा."

गेलो. बल्ब, पंखा, रेडिओ, सगळं बंद होतं, आणि चकतीवरची लाल खूण सावकाश फिरून पुन्हा समोर येत होती. करंट बारीक असला की आम्ही तो मोजायच्या चिमट्याच्या, टंगटेस्टरच्या, जबड्यातून वायरचे दहा फेरे घेतो आणि आलेल्या आकड्याला दहानं भागतो. घाबरून मी भागायचंच विसरलो. "अडीच अँपिअर, सर."

"दहानं भागा. अन् तुम्ही म्हणं मोटरा बांधता."

दोनशे वीस व्होल्ट, पाव अँपिअर. सरांनी पेन्सिलीनं मीटरच्या फळीवर मांडलं: रोध आठशे ऐंशी ओहम, पंचावन्न वॅट. एका बल्बाएवढी वीज त्या रिकाम्या घरात कुणीतरी वापरत होतं. एकेक फ्यूज काढत गेलो. स्वयंपाकघराचा काढला तशी चकती थांबली.

"भिंतीत वायर सोलली असंल. फोडून नवी टाकू," मी म्हणालो. "पाव अँपिअर माणूस मरायला बास होतंय, सर."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. "राहू द्या, उस्ताद. ही आत काम करत असली की असंच वाटायचं... कुणीतरी हाये म्हणून."

धोका मला ठाऊक होता. तरी तो फ्यूज मी माझ्या हातानं परत बसवला. पुढं कधीही त्यांच्याकडं गेलो की ते मीटरकडे बोट दाखवून "हाये," म्हणायचे, आणि मी हसण्यावारी न्यायचो.

सरांच्या जलदानाचा विधी होऊन काही आठवडे लोटल्यावर मी टेस्टर घेऊन त्या घरी गेलो. त्यांची मुलगी सुजाता लेकरांसह तिथंच राहत होती. घरातलं सगळं बंद करून पाहिलं, चकती जागच्या जागी उभी. दहा फेरे घेऊनही काटा शून्यावर. म्हणजे सरांना हार्टनंच नेलं. सांगायला लाज वाटते, पण सुजातानं दिलेला चहा मला फार गोड लागला.

"काका, मोगरा वाळून चालला," सुजाता म्हणाली. "मम्मीनं लावल्ता. पप्पा रोज सकाळी दोन बादल्या घालायचे. मला काही होऊन न्हाई राह्यलं."

मोगरा बाहेरून स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीला लागून होता. मी कप खाली ठेवला, दोन बादल्या पाणी मुळाशी ओतलं आणि मीटरपुढं येऊन बसलो. अर्ध्या तासानं, भिंतीत ओल चढली तशी, चकती किंचित थरथरली. मग फिरायला लागली.

"मम्मी आली का?" सुजातानं मागून हळू आवाजात विचारलं. सरांनी तिलाही सांगितलं होतं तर...

मी मेन स्विच खाली ओढला. लेकरांना भिंतीपासून लांब ठेव, एवढंच मी तिला सांगितलं. स्वयंपाकघराचा तो फ्यूज तेव्हा परत कुणी बसवला होता, ते सरांवरचा हा लेख छापून तिच्या हातात पडायच्या आत मला तिला सांगायला हवं.