ठेवली की मरते

काष्टीच्या बाजाररस्त्यावर मोटर वायंडिंगचं दुकान चालवणारे साळवेभाऊ संध्याकाळी आम्ही आलो की आमच्याकडे नंतर बघत, आधी सायकलच्या मोटरीला हात लावत. आई लेकराचं कपाळ बघते तसा. "तापलीय. आज दोघी बसला हुता," ते म्हणत. मग त्यांची बायको सुमनबाई आणि मी चोरी पकडल्यासारख्या एकमेकींकडे बघून हसायचो.

सुमनबाई आणि मी मळ्यातल्या वस्तीशाळेवर शिक्षिका होतो. तिकडे एसटी जात नसे, आणि लहानपणीच्या तापानं सुमनबाईचा एक पाय अधू झालेला. नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा भाऊंनी भंगारातून मोटारगाडीच्या पंख्याची मोटर आणली, स्वतः तिच्यात नवी तार भरली आणि लेडीज सायकलला बसवली. पायाशी बॅटरी. नव्वदच्या दशकात असली घरघरणारी सायकल कुणी पाहिली नव्हती. बाजाराच्या दिवशी लोक घोळका करून विचारत, किती दिवस टिकेल?

"मोटर आपल्या मागंबी राहील," भाऊ सांगत. "बॅटरीचं तसं न्हाई. ती वापरून मरत न्हाई येवढी, ठिवून मरती." एकानं ट्रॅक्टरच्या बॅटरीत विहिरीचं पाणी ओतलं होतं. त्याला म्हणाले, "त्यापरास इख घालायचं हुतं, लवकर सुटली असती." तोंडानं असे तिखट. पण सुमनबाईची सायकल ते रोज पुसून चार्जिंगला लावत, त्यात खाडा नाही.

सुमनबाई काविळीनं गेली. आठ दिवस अंथरुणावर होती, बस्स. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दोन दिवसांनी भाऊ ती सायकल हातात धरून माझ्या दारात आले. "बाई, ही आता तुमी चालवा. ठिवू नका."

मी हो म्हणाले. पण तिच्या सीटवर बसायचं कसं? मी सायकल पडवीत लावली, वर माझी धुतलेली साडी घातली आणि दर रविवारी धूळ पुसत राहिले. शाळेलाही दुकानावरून न जाता पाटाच्या कडेनं चालत जाऊ लागले. मला बघून भाऊंना तिची आठवण नको, असा माझा शहाणपणा.

पाच महिन्यांनी ते आले. साडी बाजूला केली, बॅटरीचं झाकण उघडून काचेच्या नळीत पाणी ओढलं. बॅटरीचा जोर दाखवणारा आतला तरंगा वर आलाच नाही.

"मेली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "रोज सकाळी धाला हातातलं काम ठिवून बसायचो, बाई. म्हनलं, आवाज यील."

"भाऊ, मला वाटलं तुम्हाला त्रास होईल."

"तरास तर हायेच की. संगतीला आवाज तरी राहिला असता."

मला रडू आवरेना. त्यांनी सवयीनं मोटरीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी बॅटरी आणून बसवली. मी सायकल बाजाररस्त्यानं नेऊ लागले. दुकानावरून जाताना त्यांनी कधी मान वर केली नाही. तार गुंडाळणारा हात मात्र थांबायचा, मी वळणाआड होईपर्यंत. संध्याकाळी मोटरीला हात लावून म्हणत, "गार हाय. एकल्याच जाता तुमी."

वर्षभरानं भाऊही गेले. शटर ओढलं गेलं ते पुन्हा उघडलं नाही. मला आजही कधीकधी वाटतं, ते पहिले पाच महिने परत मिळावेत.

बॅटरी त्यांच्यानंतर दीड वर्ष चालली. पाटाचा रस्ता जवळचा होता, तरी मी बाजाररस्त्यानंच जात राहिले. त्या शटरपाशी आले की पायडल मारायची थांबायचे आणि नुसती मोटर चालू द्यायचे.