व्यंकटीची काठी

पोखर्णीचा व्यंकटी स्वतःला वायरमन म्हणवून घेई. त्याला येत होतं एवढंच, की चोरून वीज घ्यायला बाभळीच्या काठीने तारेवर आकडा टाकायचा. लाकडातून वीज जात नाही, या एका ज्ञानावर तो जन्मभर छाती काढून फिरला. त्या सकाळी आकडा टाकायला उचलली, तर काठी बैलांच्या हौदात भिजलेली निघाली.

"ओली हाय ती, दिसंना का?" बायको झुंबरबाई म्हणाली.

"लाकूड ते लाकूड. बायकांना काय कळतंय?"

झुंबरबाईने काठी हिसकावून चुलीत सारली. जाळ लागताच दुसऱ्या टोकातून पाणी फसफसलं.

"ह्या पाण्यातून आला असता करंट. मंग चौघांच्या खांद्यावर मिरवलं असतं तुमचं शहाणपण."

तिने त्याच जाळावर व्यंकटीचा चहा ठेवला.