काकूच्या कोंबड्या आणि मी कापलेली ओळ

बदकं पाळा असं सांगत मी दोन पावसाळे गावोगाव फिरले. सोयाबीन दोन पानांवर आलं की गोगलगायी येतात आणि ओळीच्या ओळी कुरतडून टाकतात. बदकं त्या वेचून खातात, पण दुकानदार विषाच्या गोळ्या देतात. गोळ्या बांधावर पडून राहतात, त्या कुत्री खातात, कोंबड्या खातात, आणि त्याची नोंद कुठंच होत नाही. याचा मला राग होता, अजून आहे. आमच्या संघटनेनं यावर पत्रक काढायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. लातूरला शिकायला गेल्यापासून मी तेच करते. एका पानात सांगायचं, मोठ्या अक्षरात सांगायचं, आणि वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे आपल्याच्यानं होतंय.

पत्रकात सहा मुद्दे होते. सहावा असा होता: बाजारातून आणलेली बदकं घरच्या कोंबड्यांत लगेच सोडू नका, तीन-चार आठवडे लांब ठेवा. छापखान्यात मजकूर पानात बसेना. तिथला ऑपरेटर म्हणाला, चित्र लहान करा, नाहीतर एक मुद्दा काढा. चित्र बदकाचं होतं आणि छान आलं होतं. मी सहावा मुद्दा काढला. जागेसाठी काढला असं मी सगळ्यांना सांगितलं, पण तेवढंच खरं नव्हतं. तीन-चार आठवडे वेगळं ठेवा म्हटलं की बायका म्हणतील, ही उस्तवार करतंय कोण. बदक पाळणं सोपं वाटावं म्हणून मी ती ओळ कापली.

पत्रकं घेऊन मी आमच्या गावी गेले. गाव मुदखेड तालुक्यात. चुलती आमच्या शेजारीच राहते. काकू चौथी शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचते, पण वाचलेलं विसरत नाही. तिच्या परसात नऊ कोंबड्या होत्या आणि त्या कुणासाठी आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिची मुलगी दिवाळीआधी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. बाळंतिणीला अंडी घरची आणि रस्साही घरच्या कोंबडीचा, बाजारचं काही घालणार नाही, असं काकूनं व्याह्यांसमोर बोलून दाखवलं होतं.

पत्रक वाचून आठवड्याच्या आत तिनं हदगावच्या बाजारातून चार बदकं आणली. आमच्याकडे नवी कोंबडी घरात आली की तिला चुलीभोवती तीनदा फिरवतात आणि दिवस मावळताना जुन्या कोंबड्यांसोबत एकाच डालग्याखाली झाकतात. सकाळी डालगं उचललं की सगळ्या सोबत बाहेर पडतात. भांडण होत नाही, नवी कोंबडी घर चुकत नाही. काकूनं बदकांना तसंच केलं. दोन डालगी, एकेकाखाली चार कोंबड्या आणि दोन बदकं. नववी कोंबडी खुडूक होती. ती घरात ज्वारीच्या कोठीमागं टोपल्यात अंड्यांवर बसलेली, म्हणून तिला कुणी हलवलं नाही.

हे सगळं काकूनं मला फोनवर सांगितलं. मी म्हणाले, छान केलंस.

दीड आठवड्यानं पुन्हा फोन आला. म्हणाली, “तुझी बदकं झकास हायत. माझ्या कोंबड्या माना मोडून राहिल्यात.”

मी नांदेडवरून मुदखेडला आणि तिथून ऑटोनं गावात पोचेपर्यंत तीन मेल्या होत्या. उरलेल्या पिसं फुगवून बसलेल्या, खाली हिरवं पाणी, एकीची मान उलटून पाठीवर गेलेली. मानमोडी. गावात हा रोग सगळ्यांना ओळखता येतो. बदकं मात्र न्हाणीच्या सांडपाण्यात चोची घालून मजेत होती.

एक मेलेली कोंबडी पिशवीत घेऊन आम्ही दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आजार झाल्यावर लस देऊन उपयोग नाही, आधी द्यायची असते. पण एका बाटलीत शंभर पक्ष्यांची लस येते, फोडली की दोन तासांत संपवावी लागते, मग आठ-दहा कोंबड्यांसाठी ती फोडणार कोण? मी तिथंच भांडले. गावात शंभर कोंबड्या आहेत कुणाकडे? मग ही लस काय फक्त पोल्ट्रीच्या शेडवाल्यांसाठी आहे का? डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि काकूला विचारलं, घरात नवीन काही आणलं होतं का. तिनं बदकांचं सांगितलं. ते म्हणाले, बदकात रोग असला तरी दिसत नाही, ते नुसतं वाहून आणतं. किती दिवस वेगळी ठेवली होती?

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीवरच बोलत राहिले. परत येताना माझ्या डोक्यात नव्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता.

घरी आल्यावर काकू चष्मा लावून ओट्यावर बसली. तिच्या हातात माझं पत्रक होतं.

“यात वेगळं ठेवायचं कुठं हाय गं? चारदा वाचलं. मला घावंना.”

तिला वाटत होतं, तिचंच वाचायचं राहिलं.

“व्हतं काकू. मी काढलं.”

“कशापायी?”

“जागा नव्हती.”

तिनं पत्रक लांब धरून पाहिलं. “अन् मंग हे बदक एवढं मोठं कशाला काढलंस?”

एवढं विचारून ती उठून कोंबड्यांकडे गेली. बोलायचं ते माझी आई बोलली, दोन दिवस, भांडी घासताना. तेवढ्यात आठही कोंबड्या गेल्या. मी परसाच्या टोकाला खोल खड्डा खणून त्या चुन्यात पुरल्या.

उरली ती खुडूक. ती वाचली कारण ती वेगळी होती, मी कापलेली ओळ ती कोठीमागं बसून पाळत होती. आता काकूचा सगळा जीव त्या टोपल्यात होता. मी सुट्टी काढून राहिले. बदकं आमच्या परसात आणली, आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. सकाळी आधी खुडुकीला दाणापाणी, मगच बदकांकडे जायचं, तिथली चप्पल वेगळी, येताना हात साबणानं धुवायचे. काकूच्या परसात मी चुना पसरला आणि ते उन्हात रिकामं सोडलं. अकरा अंड्यांतून आठ पिल्लं निघाली.

मग बाटलीचा प्रश्न. ह्या वेळी मी पत्रक काढलं नाही, दारोदार गेले. ज्यांच्या कोंबड्या धडधाकट आहेत त्यांनी अमुक दिवशी सकाळी शाळेमागं आणायच्या, एवढंच सांगितलं, आणि काकूच्या आठ कोंबड्या कशा मेल्या तेही. विचारलं तिथं माझी चूकही सांगितली. एक म्हातारी म्हणाली, “आता बरी सुधारलीस.” डालगी, टोपल्या, पिशव्या घेऊन बायका आल्या. डॉक्टर बर्फात बाटली घेऊन आले आणि डोळ्यांत थेंब टाकत टाकत ती दोन तासांच्या आत संपली. काकूची पिल्लं पहिली.

मुलगी आली तेव्हा रश्श्याला कोंबडी नव्हती. व्याही बघायला आले त्या दिवशी काकूनं डाळीचं वरण केलं आणि कारण सांगितलं नाही. पण पिल्लं मोठी झाल्यावर खुडूक पुन्हा अंडी घालू लागली होती. दिवसाआड एक अंडं, ते फक्त बाळंतिणीला.

बदकं दिवाळीनंतर काकूच्या परसात परत नेली. काकूनं परसाच्या मध्ये मासे धरायची जुनी जाळी ताणून बांधली, इकडं बदकं, तिकडं कोंबडी आणि पिल्लं. दोन्हीकडे जाळीलगत कण्या टाकायच्या, म्हणजे खाता खाता एकमेकांना बघतात. पहिले काही दिवस कोंबडी जाळीतून चोच मारायची. आता मारत नाही. मी म्हणाले, झाले की चार आठवडे, काढू या जाळी.

काकू कण्या टाकत होती. म्हणाली, “ते मी बघीन.”

नवं पत्रक छापलं आहे. बदक लहान आहे, सहावा मुद्दा पहिला आहे. काकूनं ते बोट ठेवून पूर्ण वाचलं आणि घडी घालून ठेवलं. जाळी अजून तशीच आहे.