ज्याचं नाव, त्याची गोष्ट

रफिक टेम्पोवाला दुकानात आला की आधी पायरीवर चप्पल काढतो आणि मग काउंटरवर हात टेकून विचारतो, “बोला अण्णा, कुठं जायचंय?” त्या दिवशी तो चप्पल घालूनच आत आला. मी एका बाईंना परकराचं कापड मोजून देत होतो. मान वर न करता मी म्हणालो, “अरे, चप्पल...” तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, अक्का गेल्या. सकाळी. सोलापुरातच.” मी मोजत राहिलो. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, “अण्णा, लई झालं, मला दोनच मीटर पायजे होतं.” गादीवर कापडाचा ढीग पडला होता. मी तो तसाच टाकून रफिकच्या टेम्पोत जाऊन बसलो आणि बराच वेळ आम्ही दोघं कुठंही न जाता तिथंच बसून राहिलो.

प्रमिलाअक्का म्हणजे आमच्या मुरुमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला निघतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात खोट काढतात. अक्कांना सूनही नव्हती आणि फारसा देवही नव्हता. त्यांनी एक पत्र्याची पेटी, दोन डफ आणि जुन्या साड्यांचं बोचकं रफिकच्या टेम्पोत टाकलं आणि वीटभट्ट्या, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, माळावर उतरलेल्या धनगरांच्या पालांकडं जायला सुरुवात केली. तिथल्या मुलांना गोष्टी सांगायच्या आणि त्यांच्याकडून नाटक करून घ्यायचं. पद्धत एकदम साधी. अक्का गोष्ट सांगायला बसायच्या, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची, आणि ऐन रंगात आल्यावर अक्का थांबायच्या. “आता पुढं काय झालं ते उभं राहून दाखवा!” पहिल्यांदा पोरं एकमेकांच्या मागं लपायची. तिसऱ्या खेपेला ‘मी वाघ, मी वाघ’ म्हणून मारामाऱ्या व्हायच्या.

हे सगळं चालायचं लोकांच्या देणग्यांवर, पण रोख रक्कम कुणी पुढं केली की अक्का हात मागं घ्यायच्या. “पैशाला चेहरा नसतो. वस्तू द्या, पोरांना वस्तूशी खेळता येतं,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणी आरसा दिला, कुणी घुंगरू, औषधाच्या दुकानवाल्यानं टेम्पोच्या डिझेलचं अंगावर घेतलं. तीनेक वर्षांपूर्वी त्या माझ्या दुकानात आल्या, पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, पडदा पायजे.”

माझे वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आपल्याकडं माणूस गेला की त्याचं नाव कशावर तरी घालायची रीत आहे. देवळाच्या पायरीवर, शाळेतल्या पंख्यावर, स्मशानातल्या बाकड्यावरसुद्धा. मी विचार केला, पडदा काय वाईट? चांगलं जाड मरून कापड काढलं, शिवून घेतलं आणि पेंटरला बोलावून मधोमध पिवळ्या रंगात हातभर अक्षरांत लिहून घेतलं... ‘कै. नागनाथराव यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. खाली दुकानाचं नाव, मोबाईल नंबरासकट. अक्कांनी पडदा उलगडून पाहिला आणि म्हणाल्या, “अक्षर झकास काढलंय.” मी फुगलो. अक्कांची स्तुती कशी ऐकायची असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला खेळ गावाबाहेरच्या एका वीटभट्टीवर झाला. उन्हं कलली होती. कच्च्या विटांच्या रांगांमधल्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून पडदा टांगला होता. दिवसभर विटा उलटून लाल झालेल्या हातांची पोरं पुढं बसली होती आणि मी खुर्ची मागवून बाजूला बसलो होतो. नाटकात जंगल होतं, कोल्हा होता, हत्ती होता, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर माझ्या दुकानाचा नंबर होता. मनीषा नावाची आठ-नऊ वर्षांची एक मुलगी नुकतीच अक्षरं लावायला शिकली होती. कोल्ह्याचं काम अर्ध्यावर सोडून ती पडद्यावरचं नाव एकेक अक्षर करत वाचत बसली आणि मग सरळ माझ्याकडं वळली.

“हे आजोबा कोण हायेत?”

“माझे वडील,” मी म्हणालो.

“ते काय करायचे?”

“ते... चांगले होते.”

“मंग पुढं?”

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. कोल्हा, हत्ती, भट्टीवरच्या बाया, सगळे. अक्का काहीतरी बोलून मला सोडवतील असं वाटलं, पण त्याही पोरांसारख्याच हनुवटीला हात लावून ऐकायला बसल्या होत्या. मी उगाच खुर्ची मागं सरकवली. शेवटी अक्का उठल्या, पडदा बांबूवरून काढला, उलटा केला आणि पुन्हा टांगला. नाव आतल्या बाजूला गेलं. “आजपासून असं ठरलं,” त्या पोरांना म्हणाल्या, “ज्याचं नाव लिहायचं, त्याची गोष्ट सांगायची. गोष्ट नसंल तर नाव आत.”

मला असा राग आला म्हणून सांगू! चारचौघांत, भट्टीवरच्या पोरांसमोर माझ्या बापाचं नाव उलटं टांगलं. पुढं कितीतरी महिने मी अक्कांना रस्त्यात बघितलं की दुसऱ्या बाजूनं जायचो. पडदा परत मागायचंही मनात आलं, पण दिलेली वस्तू कुठल्या तोंडानं मागणार?

अक्कांचा नियम मात्र पंचक्रोशीत पसरला. येडशीला रेल्वेत नोकरी करून इकडं लेकीकडं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी बायकोच्या नावानं पितळी घंटा दिली आणि गोष्टही सांगितली. त्यांची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिनं आगगाडी पाहिलीच नव्हती. पहिल्याच दिवशी ती ताट घेऊन फलाटावर गेली आणि इंजिनाला हळदकुंकू लावून आली. पोरांनी लगेच पंधरा जणांची आगगाडी केली. इंजिन झालेल्या पोराच्या कपाळाला दुसऱ्या एका पोरीनं विटेची लाल भुकटी लावली आणि पुढं बसलेले ते गृहस्थ हसता हसता धोतरानं डोळे पुसायला लागले. एका पुढाऱ्यानं कर्णा दिला, त्यावर स्वतःचा फोटो चिकटवून. त्याला गोष्ट विचारली तर तो योजनांची नावं सांगायला लागला. दोन पोरं झोपली. अक्कांनी तिथंच बसून चाकूनं तो फोटो खरवडून काढला. हे सगळं मला रफिक सांगायचा, आणि मी न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचो.

खरं म्हणजे वडिलांची गोष्ट मला माहीत होती. ती सांगण्यासारखी नव्हती, एवढंच.

अक्का आजारी पडल्या तेव्हा अबोला आपोआप गळून पडला. त्यांना सोलापूरला हलवायच्या दोन दिवस आधी मी मोसंबी घेऊन घरी गेलो. खाटेवर उशीला टेकून त्या बसल्या होत्या, अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. मला बघताच त्यांनी विचारलं, “पडदा धुवायला टाकलाय का रफिकनं?” आणि मग का कुणास ठाऊक... मी त्यांना सांगून टाकलं.

दुकान होण्याआधी माझे वडील सायकलला गाठोडं बांधून बाजार करायचे. आज मुरुम, उद्या आणखी कुठं. साड्या विकायचे, आणि काठ-पदर दाखवायचा म्हणून साडी स्वतःच्याच अंगाला लावायचे. झुबकेदार मिशा, डोक्यावर टोपी आणि त्यावरून पदर! नव्या नवरीसारखे लाजत चार पावलं चालायचे, मग सासूचा आवाज काढून स्वतःलाच बोलायचे, “अगं, पदर नीट घे की!” बाया पोट धरून हसायच्या आणि हसता हसता साडी घ्यायच्या. मी सातवीत होतो. मित्रांबरोबर बाजारातून जाताना तो घोळका दिसला. एका मित्रानं विचारलं, “ह्यो कोण रं येडा?” मी म्हणालो, “मला न्हाय माहीत.” वडील तीन हातांवर होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी पदर हळूच खांद्यावरून काढला, साडीची घडी घातली आणि खाली बसले. त्यानंतर त्यांनी कधी साडी अंगाला लावली नाही. पुढं दुकान झालं, नाव झालं, पण ते गादीवर गप्प बसून कापड फाडायचे. लोक म्हणायचे, नागनाथराव मोठे गंभीर गृहस्थ. त्यांना गंभीर मी केलं होतं. माफी मागायला मला चाळीस वर्षं मिळाली होती, आणि मी ती मागितली नाही.

अक्कांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाल्या, “मला कशाला सांगता, अण्णा? मी काय भट्टीवरचं पोरगं हाय व्हय? वडलांची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर थांबवलीय. आता पुढं काय झालं ते उभं राहून दाखवा.” आणि मोसंब्यांकडं बोट करून म्हणाल्या, “ही भट्टीवर न्या. मला आंबट चालत न्हाय.”

ती आमची शेवटची भेट.

अक्का गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं घर मोकळं करायला घेतलं. पेटी आणि पडदा भंगारात जायच्या आत रफिक आणि मी जाऊन घेऊन आलो. पण घेऊन आलो म्हणजे काय? दोन आठवडे ते सगळं माझ्या दुकानाच्या माळ्यावर पडून होतं. रफिक रोज यायचा, वर बघायचा आणि जायचा. एके दिवशी म्हणाला, “अण्णा, भट्टीवरची पोरं विचारत्यात. आता न्हाय गेलो तर मग कधीच न्हाय जाणार आपण.” त्याचं खरं होतं. मी फळीवरून एक साडी काढली, हिरवी, लाल काठाची, आणि दुपारीच दुकान बंद केलं.

बांबू तेच, विटांच्या रांगा तशाच. मनीषाच्या घरचे याही हंगामात आले होते. ती आता उंच झाली आहे आणि धाकट्यांना दटावते. मी खुर्ची मागितली नाही. मी गोष्ट सांगितली, आणि साडीपाशी आल्यावर उभा राहिलो. माझं पोट सुटलेलं, गुडघे दुखरे, निऱ्या काही बसेनात. तरी टोपीवरून पदर घेतला आणि चार पावलं चाललो. पोरं अशी हसली की विटा थापणाऱ्या बाया हातातला साचा तसाच धरून बघायला आल्या. मी सासूचा आवाज काढला. माझ्या तोंडून वडिलांचाच आवाज आला... इतक्या वर्षांनी! मग बाजारातला तो मित्र, तो प्रश्न, माझं उत्तर. तिथं मी थांबलो.

पोरांना वाटलं, मी अक्कांसारखा मुद्दामच थांबलोय. मनीषा ताडकन उठली. माझ्या अंगावरची साडी ओढून घेऊन तिनं एका पोराला नेसवली, त्याला कोळशानं मिशा काढल्या, आणि स्वतः मी झाली. “मला न्हाय माहीत कोण हाय ह्यो,” असं म्हणून ती ऐटीत पाच पावलं गेली. थांबली. डोकं खाजवलं. मागं फिरली, अक्कांचं साड्यांचं बोचकं बापाचं गाठोडं म्हणून डोक्यावर घेतलं आणि ओरडली, “माझा बाप हाय ह्यो! साडी घ्या साडी!” आणि बापाच्या पदराचं टोक धरून ती अख्ख्या भट्टीला फेरी मारून आली.

मी खाली बसून रडलो. चारचौघांत, भट्टीवरच्या पोरांसमोर. रफिकनं कुणाला न विचारता पडदा काढला, फिरवला आणि वडिलांचं नाव बाहेर करून टांगला. दुकानाचा नंबर मी दुसऱ्या दिवशी बुजवून टाकला.

अक्कांचं नाव पडद्यावर नव्हतं. पेंटरकडून लिहून घेऊ म्हणालो तर मनीषा म्हणाली, “रंगानं नगं, एकदाच लिवून हुतंय. खडूनं लिवू.” तेव्हापासून वडिलांच्या नावाखाली दर खेळाला कुणीतरी खडूनं ‘अक्का’ लिहितं. पडद्याची घडी घातली की ते पुसलं जातं. पुढच्या खेळाला दुसऱ्यानं लिहायचं, आणि जो लिहील त्यानं अक्कांची एक गोष्ट सांगायची. नियम अक्कांचाच.

परवा पोरांनी खडू माझ्या हातात दिला. मी अक्षर शक्य तेवढं झकास काढलं आणि त्यांना ही गोष्ट सांगितली.