अंगणाचा उतार

जग माणसाला त्याच्या बोलण्यावरून ओळखतं. आमचे घरमालक त्याच्या अंगणाच्या उतारावरून ओळखत, आणि नागपुरात फारच थोडे लोक त्यांच्या परीक्षेत पास होत. पालिकेच्या नाल्यांवर देखरेख करून ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या लेखी पालिकेचा नियम निवृत्त झाला नव्हता: अंगणात भर घालून आपलं पाणी शेजाऱ्याकडे लोटायचं नाही. कुणाकडेही गेले की आधी तांब्याभर पाणी मागत. यजमानाला वाटे, तहान लागली. मालक ते अंगणात ओतून वाकून पाहत बसत. ‘‘काहून गा, तुह्यं पाणी कोणाच्या घरी जाऊन राहिलं?’’ एका वकिलाने तर पाणी घरात बसूनच प्यायचं, अशी अट घातली होती.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहून चळवळीची पत्रकं काढत होतो. मला त्यांचा संताप येई. बंगलेवाले गाड्या गाड्या मुरूम टाकून अंगणं उंच करणार, खालच्या वस्त्या चिखलात बुडणार, आणि हे गृहस्थ तांबे ओतणार! ‘‘आधी बंगल्यांची अंगणं खोदा,’’ मी सुनावलं.

‘‘ते तू लिही. माहं अंगण माह्या हातात हाय.’’

आमच्या मागे खोलगटात एका कोष्ट्याचं घर होतं. मागावर बसायला जमिनीत खड्डा असतो, पाय त्यात सोडायचे. त्यात पाणी शिरलं की माग बंद आणि चूलही बंद. मालकांच्या मुलीचं लग्न ऐन पावसाच्या तोंडावर निघालं. ते पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला रामटेकला गेले, तेवढ्यात मालकीणबाईंनी मांडवासाठी अंगणात मुरूम पसरून घेतला. परत येऊन मालकांनी पाणी ओतलं. ते थेट कोष्ट्याच्या दाराकडे निघालं. मालकांनी कुदळ उचलली आणि अंगणातून सडकेकडे नाली खोदायला घेतली.

मालकीणबाई ओरडल्या, ‘‘पोरीचं लगन उद्यावर आलं अन् तुम्ही अंगण खोदून राहिले? लोक काय म्हणतीन?’’

कोष्टीही धावत आला. ‘‘राहू द्या ना मालक. चार दिवसांची गोष्ट हाय, मी मागावर फळ्या टाकतो.’’

‘‘पाऊस का तुले विचारून येईन?’’

वऱ्हाड धोतरं वर धरून नाली ओलांडत मांडवात आलं. व्याही चिडून म्हणाले, मुलीचं घर म्हणून सांगितलं होतं, शेत म्हणून नाही. मालक त्यांना हाताला धरून पाणी सडकेकडे कसं जातं ते दाखवत होते.

पुढे माझी पत्रकं वाढली, बंगल्यांची अंगणंही वाढली. कोष्ट्याची पोरं खापरखेड्याला वीजघरात लागली आणि एका उन्हाळ्यात त्याने माग उकलला. खड्डा बुजवायला मुरूम मागायला तो मालकांकडेच आला. मालकांनी स्वतः पाट्या वाहिल्या, धुमसाने जमीन ठोकून सपाट केली.

‘‘आता पाणी गेलं तरी कोणाचं काय जाते,’’ ते म्हणाले.

पावसाच्या आधी मी पाहिलं, ते नेहमीसारखे नाली उपसत होते. मीही दुसरं फावडं घेतलं.