बाणाच्या दिशेने, पाठमोरी

बागेच्या फाटकाशी आली की आत्या चष्मा काढून रुमालाने दोनदा पुसायची. एकदा जवळचं दिसावं म्हणून, एकदा लांबचं. मग उजवीकडे वळायची. बाकी सगळं शहर डावीकडे वळायचं.

बाग दीडशे वर्षांची. मधोमध तळं, काठाला बँडचा लोखंडी मंडप, मुलांचे झोपाळे, आणि या सगळ्याला वेढणारी तांबड्या मातीची वाट. त्या वाटेवर आत्या रोज चार फेऱ्या मारायची आणि दर फेरीत प्रत्येकाला दोनदा समोरून भेटायची.

छत्तीस वर्षं ती पोस्टाच्या खिडकीमागे बसली होती. खिडकी एवढीशी, माणूस दिसायचा तो कपाळापासून हनुवटीपर्यंत. पाय असलेली माणसं तिला निवृत्तीनंतर बागेतच भेटली. "तुम्ही इतके उंच आहात होय!" असं ती कुणालाही तोंडावर म्हणायची. घरी बोलायला भिंतीच होत्या, म्हणून दिवसभर पुरतील इतके चेहरे ती सकाळीच बघून ठेवायची.

मग बागेला नवे अधीक्षक आले. त्यांना कपाटात जुना नकाशा सापडला. पूर्वी या वाटेवर बग्ग्या एकाच दिशेने धावत. झालं, परंपरा म्हणून वाटेवर पांढरे बाण रंगवले आणि रखवालदाराच्या गळ्यात शिट्टी आली.

"आजी, उलट्या चाललात."

"आजी तुझ्या घरी. मी अशीच चालते."

"साहेबांचा हुकूम आहे. पूर्वी घोडे याच बाजूने जायचे."

"मग घोड्यांना सांग."

शेवटी दोन दिवस ती बाणाप्रमाणे चालली. रात्री मला फोन. "अगं, नुसत्या पाठी! एकाच्या मानेवरचा तीळ मला पाठ झालाय. त्यापेक्षा घरी बसते." आणि खरंच बसली. फोनवरही "हं, हं" एवढंच. आत्या आणि गप्प! मला धसकाच बसला.

आठवड्याने सकाळी सहाला ती बूट घालून माझ्या दारात उभी. "चल. मला पाठीला डोळे हवेत."

फाटकाशी तिने चष्मा पुसला, शहाण्यासारखी डावीकडे वळली, गर्रकन फिरली आणि पाठमोरी चालू लागली. रखवालदाराची शिट्टी ओठांतच राहिली.

"पाय बाणाकडेच चाललेत ना माझे?"

"चाललेत, पण..."

"मग पण काय?"

मी शेजारून ओरडत होते, "आत्या, खड्डा! आत्या, कुत्रं! आत्या, बाक!" मागून येणारे चेहरे तिच्यासमोर हसत चालत होते. ती खूश. "पूर्वी भेटायचे नि निघून जायचे. आता निवांत बोलता येतं." चौथ्या दिवशी सातजण पाठमोरे होते.

पाचव्या दिवशी साहेब स्वतः बघायला आले. कचेरीतून जवळची वाट धरून, तरातरा, बाणांच्या विरुद्ध. मी म्हटलं, "आत्या, साहेब!"

"ते कुठले इथे?" म्हणेपर्यंत ती त्यांच्यावर आदळली होती आणि साहेब नुकत्याच पाणी घातलेल्या वाफ्यात बसले होते. रखवालदाराने जीव खाऊन शिट्टी फुंकली.

"साहेब, तुम्ही उलटे आलात!"

आत्या वाकून बघत राहिली. "अगंबाई! हनुवटीवरचा हा व्रण! तुम्ही आईला दर सोमवारी पत्र टाकायचात. वर तिकीट नेहमी वाकडं."

साहेब चिखलातूनच म्हणाले, "पोस्टातल्या बाई?"

पुढच्या सोमवारी फाटकावर पाटी लागली. सकाळी सहा ते सात, कोणत्याही दिशेने.

त्यानंतर सहा वर्षं ती उजवीकडे वळली. शेवटी शेवटी माझा हात धरून एकच फेरी, पण समोरूनच. शेवटच्या दिवशी बागेतून बाहेर पडताना तिने रुमाल माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "हा नीट धुतला नाहीस तू. आज सगळ्यांची तोंडं पुसट दिसली. उद्या दुसरा आण."